काळी चारचा मेजर कॉर्ड

“पेटी थोडीफार वाजवते. हरिपाठ, गौळण, एखादा अभंग निघतो. आता मुलासाठी घरात कीबोर्ड आणलाय. त्यावर ते तीन-तीन सूर एकदम दाबून कॉर्ड वाजवतात, ते मला जमेल का?”

पाचोडसारख्या गावात महिला भजनी मंडळाची पेटी सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडी हा प्रश्न सहज येतो. पाचोड हे पैठण तालुक्यातलं, छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरचं, मोसंबीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं गाव. तालुक्याचं ठिकाण म्हणजे एकनाथांचं पैठण. नाथषष्ठी, सप्ताह, काकडा यांमुळे या भागात टाळ, पखवाज आणि पेटी लहानपणापासून कानावर पडते. पियानो मात्र बहुतेकांनी सिनेमातच पाहिलेला असतो.

उत्तर सरळ आहे: जमेल. आणि माझं ठाम मत असं, की पेटीवर अभंग काढणाऱ्या माणसाला ते कोऱ्या नवशिक्यापेक्षा लवकर जमतं. पट्ट्यांची नावं त्याला ठाऊक असतात, आपण कोणत्या पट्टीत गातो हे ठाऊक असतं, आणि सा धरून ग नि प लावायची कानाला सवय असते. नवी शिकायची ती एक मोजणी.

१. पट्ट्यांचे पत्ते

पियानो, कीबोर्ड आणि पेटी यांच्या पट्ट्या एकाच क्रमाने मांडलेल्या असतात. पियानोला ८८ पट्ट्या, घरगुती कीबोर्डला बहुधा ६१, पेटीला त्याहून कमी. पण मांडणीत फरक नाही. दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन, पुन्हा तीन. दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडे जी पांढरी असते ती पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढरी दोन, तीन, असं सातपर्यंत. काळ्यांचंही तसंच: जोडीतल्या काळी एक आणि काळी दोन, पुढच्या तिघींमधल्या काळी तीन, चार आणि पाच. सात पांढऱ्या नि पाच काळ्या मिळून बारा पट्ट्या झाल्या की पुन्हा पांढरी एक येते, वरच्या सप्तकातली.

शिकवणीच्या पुस्तकांत पांढऱ्या एकला ‘सी’ म्हणतात. दोन ‘डी’, तीन ‘ई’, चार ‘एफ’, पाच ‘जी’, सहा ‘ए’, सात ‘बी’. काळी चार म्हणजे ‘जी शार्प’. ही नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. पट्टी तीच.

मोजायला बसण्याआधी एक गोष्ट नीट पाहून घ्या. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी नसते. पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्यामध्येही नसते. बाकी सगळ्या शेजारच्या पांढऱ्यांमध्ये एक काळी असते. नवशिक्यांच्या बऱ्याच चुका या दोन जागांवर होतात.

२. चार पावलं, मग तीन

आता मोजणी. एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो की पांढरी, म्हणजे एक पाऊल. कुठल्याही पट्टीला सा माना. तिथून चार पावलं वर गेलं की शुद्ध ग. त्या ग-पासून आणखी तीन पावलं वर गेलं की प. हे सा, ग, प एकदम वाजवले की मेजर कॉर्ड झाला. त्याची व्याख्या एवढीच.

पांढरी एकवरून करून पाहू. सुरुवातीची पट्टी मोजायची नाही. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन: चार पावलं झाली, ग सापडला. पुढे पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच: तीन पावलं झाली, प सापडला. म्हणजे पांढरी एक, तीन आणि पाच. यालाच ‘सी मेजर’ म्हणतात आणि जवळपास प्रत्येक शिकवणी इथूनच सुरू होते.

मला ही सुरुवात थोडी घातक वाटते. तिन्ही पट्ट्या पांढऱ्या असल्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात ‘एकाआड एक पांढरी दाबायची’ असा नियम बसतो. मग तो पांढरी दोनवर जातो आणि दोन, चार, सहा दाबतो. कानाला एकदम वेगळं, उदास काहीतरी ऐकू येतं आणि कीबोर्डच बिघडलाय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. पांढरी दोनपासून मोजा: काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन. चौथं पाऊल काळी तीनवर पडतं. म्हणजे पांढरी दोनचा मेजर कॉर्ड पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा असा आहे. एकाआड एक दाबताना तीन पावलांवरच थांबणं झालं होतं, म्हणजे कोमल ग लागला होता. आधी तीन आणि मग चार पावलं, या कॉर्डला मायनर म्हणतात. तो चुकीचा कॉर्ड नव्हे, दुसरा कॉर्ड आहे. पुढे कामाला येईल.

३. बोटं कुठे

उजव्या हाताचा अंगठा सा-वर, मधलं बोट ग-वर, करंगळी प-वर. डाव्या हाताला उलट: करंगळी सा-वर, मधलं बोट ग-वर, अंगठा प-वर. मनगट पट्ट्यांच्या पातळीत ठेवायचं, बोटं किंचित वाकलेली. आधी तिन्ही सूर एकेक करून वाजवा, मग तिन्ही एकाच क्षणी. करंगळी मागे राहते, तिचा सूर उशिरा किंवा दबून येतो. हे सगळ्यांचंच होतं आणि रोज थोडं वाजवलं की जातं.

पेटीवर डावा हात भात्यावर अडकलेला असतो, म्हणून तिथे कॉर्ड उजव्या हातानेच घ्यायचा. तीन सूर एकदम उघडले की हवा लवकर संपते, भाता जरा भराभर चालवावा लागतो. कीबोर्डवर डावा हात मोकळा झालेला असतो. पेटीवाल्याला ही मोकळीक सुरुवातीला अवघडल्यासारखी वाटते, पण पुढे तीच उपयोगी पडते: डाव्या हाताने कॉर्ड धरायचा, उजव्याने चाल वाजवायची.

४. आपल्या पट्टीपासून सुरुवात

बायकांच्या गाण्याला काळी चार, काळी पाच ही नेहमीची पट्टी. पुरुष बहुधा काळी एक, पांढरी दोन अशा पट्ट्यांत गातात. वारकरी भजनात तर पट्टी चढीच असते. म्हणून माझा आग्रह असा, की पहिला कॉर्ड आपण गातो त्या पट्टीचा शिकावा. जो सूर रोज गळ्यातून निघतो त्याच्यावर उभारलेला कॉर्ड कान लगेच ओळखतो. चूक झाली तर पुस्तक उघडावं लागत नाही, कानालाच कळते.

काळी चारचा काढू. पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक: चार पावलं झाली, ग आला. पुढे काळी एक, पांढरी दोन, काळी दोन: तीन पावलं झाली, प आला. म्हणजे काळी चार, वरची पांढरी एक आणि वरची काळी दोन. अंगठा आणि करंगळी काळ्यांवर, मधलं बोट पांढरीवर. मधलं बोट लांब असल्यामुळे ते जरा आखडून घ्यावं लागतं, नाहीतर शेजारच्या काळीला लागतं.

आता इथे एक गमतीची सोय आहे. गाण्याच्या साथीला सा-च्या कॉर्डखालोखाल दोन कॉर्ड लागतात: म-ला पाया धरून केलेला आणि प-ला पाया धरून केलेला. काळी चारला सा मानलं तर म येतो काळी एकवर. तिथून चार आणि तीन पावलं मोजली की काळी एक, पांढरी चार, काळी चार. प येतो काळी दोनवर. त्याचा कॉर्ड काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. तिन्ही कॉर्डांचा आकार एकच, काळी-पांढरी-काळी. हाताला एक ठेवण बसली की तीच उचलून तीन जागी ठेवायची. पांढरी एकच्या पट्टीत तिन्ही कॉर्ड पांढरे-पांढरे असतात, म्हणून ती पट्टी सोपी म्हणतात. त्या हिशेबाने काळी चारही तितकीच सोपी आहे, आणि शिवाय ती गळ्याची आहे.

काळी एकवर गाणाऱ्याला सा-चा कॉर्ड वर आलाच आहे. पांढरी दोनचा दुसऱ्या भागात पाहिला. काळी पाचचा तुम्हीच मोजा. काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार असा आला पाहिजे.

कीबोर्डवर पट्टी बदलायचं एक बटण असतं. ते दाबलं की हात पांढरी एकवर ठेवून काळी चारचा आवाज मिळतो. कार्यक्रमात अडचण निघून जाते खरी, पण शिकताना ते बंदच ठेवा. डोळ्यांना एक पट्टी आणि कानांना दुसरी, असं झालं की मोजणी कधीच पक्की होत नाही.

५. हेच तीन सूर का?

बारांमधले कुठलेही तीन सूर एकत्र वाजवता येतात. मग सा, ग, प यांनाच हा मान का? याचं उत्तर कंपनांच्या आकड्यांत आहे.

आवाज म्हणजे हवेची कंपनं. संगीतशास्त्राच्या मराठी पुस्तकांत मध्य सप्तकातला सा हिशेबाच्या सोयीसाठी सेकंदाला २४० कंपनांचा धरतात. त्या सा-शी तंतोतंत जुळणारा ग ३०० कंपनांचा असतो आणि प ३६०. तिन्ही आकड्यांना ६० ने भाग द्या: ४, ५ आणि ६. तीन टाळकरी एकाच आवर्तनात बसलेत असं समजा. एक जण त्यात चार आघात करतो, दुसरा पाच, तिसरा सहा. मधले आघात वेगवेगळ्या जागी पडतील, पण प्रत्येक आवर्तनाच्या समेला तिघे एकत्र येतील. सा, ग, प एकत्र वाजतात तेव्हा कानाच्या पडद्यावर सेकंदाला साठ वेळा अशी सम येते. ती आपल्याला मोजता येत नाही, पण सूर ‘मिळाले’ असं जे वाटतं ते त्यामुळे.

हे नातं माणसाने कागदावर बसून ठरवलेलं नाही. एक तार छेडली की ती सबंध हलते, आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांतही हलत असते. २४० च्या तारेतून ४८०, ७२०, ९६०, १२०० आणि १४४० हे बारीक सूरही निघत असतात. यातला १२०० म्हणजे दोन सप्तकं वरचा ग आणि १४४० म्हणजे तिथलाच प. तंबोरा उत्तम मिळाला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, तो हाच. तिथे गांधाराची तार लावलेली नसते. मिरजेचे तंबोरे देशभर नावाजले गेले ते जवारीसाठी. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ही जवारी साधली, की हे बारीक सूर उमलून येतात.

तंबोरा जवळ नसेल तर बिगुल आठवा. पोलिसांच्या मानवंदनेत वाजतो तो. बिगुलाला बोटांनी बदलायच्या कळा नसतात. लांबी ठरलेली एक नळी, आणि ओठांचा ताण कमी-जास्त करून सूर बदलायचे. त्या नळीतून सहज निघणारे सूर म्हणजे खालचा प, सा, ग आणि वरचा प. बिगुलाच्या बहुतेक धुना एवढ्यातच बांधलेल्या असतात. मेजर कॉर्डचे सूर एकामागून एक, इतकंच. म्हणजे ज्याने झेंडावंदनाच्या सोहळ्यात बिगुल ऐकला आहे त्याने मेजर कॉर्ड ऐकलेला आहे.

६. पेटीवर कॉर्ड किंचित खरखरतो का?

पेटीवर काळी चारचा कॉर्ड धरून भाता संथ चालवा आणि लक्ष ग-वर ठेवा. आवाजात एक भराभर थरथर जाणवेल. पेटी जुनी आहे म्हणून नव्हे. नव्या पेटीतही ती असते.

कारण असं. कुठल्याही पट्टीला सा मानून गाता यावं म्हणून सप्तकाची बारा पावलं अगदी सारखी करून टाकलेली असतात. त्या वाटणीत २४० च्या सा-पासून चार पावलांवरचा ग ३०० ऐवजी जवळजवळ ३०२.४ वर जातो. प ३५९.६ वर, म्हणजे जवळपास जागेवरच राहतो. चढलेल्या ग-चे बारीक सूर सा-च्या बारीक सुरांना खेटतात आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा हेलकावे येतात. पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि आवाज लगेच ओसरू लागतो, त्यामुळे हे हेलकावे फारसे जाणवत नाहीत. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो, तिच्या आवाजात बारीक सूरही भरपूर असतात. म्हणून तेच दुखणं तिथे उघडं पडतं.

या चढ्या ग-वरून आपल्याकडे मोठे वाद झाले आहेत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म सुरांवर, पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत होती. साताऱ्याकडे न्यायाधीश असलेले क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि श्रुतींप्रमाणे सूर लावलेली पेटी घडवली गेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारच बंद केलं. १९७१ पासून ते थोडं थोडं उघडलं. आक्षेप दोन होते: सूर नेमके नाहीत, आणि पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजवता येणारी पेटी तयार करून तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला.

मला दोन्ही आक्षेप खरे वाटतात, आणि तरीही पेटीची बाजू घ्यावीशी वाटते. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने याच पेटीतून संगीत उभं केलं. पाचोडपासून फार दूर नसलेल्या जालन्याच्या अप्पा जळगावकरांनी तर तिच्यावर आयुष्यभर मोठमोठ्या गायकांची साथ केली. त्यांना ग-ची अडचण माहीत नव्हती असं कोण म्हणेल? त्यांनी सूर किती वेळ धरायचा, किती दाबायचा, कुठे सोडून द्यायचा, यातून ती सांभाळली. कॉर्ड शिकणाऱ्यालाही हेच करता येतं: पेटीवर ग हलका ठेवा किंवा लवकर सोडा, सा आणि प धरून ठेवा.

७. अभंगाला कुठे लावायचा, कुठे नाही

आता कीबोर्डवर दोन्ही हात वापरू. डाव्या हाताने काळी चारचा सा-कॉर्ड धरा. उजव्या हाताने वरच्या सप्तकात सा, रे, ग, प, ध, सां असे भूप रागाचे सूर सावकाश वाजवा. सा, ग, प यांच्यावर चाल विसावते. रे आणि ध यांच्यावर ती पुढे ओढल्यासारखी वाटते. हा फरक कानाला पक्का कळेपर्यंत हेच करत राहावं. कॉर्ड म्हणजे चालीखालची जमीन कशी होते ते यातून कळतं.

मग दुसरा सराव: चार मात्रा सा-चा कॉर्ड, चार मात्रा म-चा, चार प-चा, पुन्हा सा-चा. प-कॉर्डवरून सा-कॉर्डवर येताना समेवर आल्यासारखं वाटतं, ते मुद्दाम ऐका. सा आणि म या दोन कॉर्डांमध्ये काळी चार ही पट्टी सामाईक आहे, एकदा पायाला आणि एकदा वरच्या टोकाला. हे लक्षात आलं की हात शोधत बसत नाही.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांत ही जमीन घातली गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली ही मंडळी मुंबईच्या स्टुडिओंत आली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक, अशी कितीतरी नावं. चिक चॉकलेट यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केलं. सी. रामचंद्र तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, स्वतः पेटी वाजवणारे. मराठी मुलखातला पेटीवाला आणि गोव्याचा कॉर्डवाला एका टेबलाशी बसले की काय होतं, ते त्या गाण्यांत ऐकावं.

पण प्रत्येक चालीखाली ही जमीन घालू नये. अभंग भैरवीत असेल तर तिथे ग कोमल असतो. खाली मेजर कॉर्डचा शुद्ध ग धरला तर गाणाऱ्याच्या सुराशी उघड भांडण होतं. तिथे मायनर, म्हणजे तीन आणि चार पावलांचा कॉर्ड लागतो. काळी चारवरून तो काळी चार, पांढरी सात, काळी दोन असा येतो. मधलं बोट फक्त एक पट्टी खाली सरकतं. भूपात म नाही, म्हणून सारखा म-चा कॉर्ड घेतला तर राग पुसट होतो. दुर्गा रागात ग-च नाही. तिथे सा-चा मेजर कॉर्ड धरला की जो सूर रागाने मुद्दाम वगळला तोच आपण वाजवत बसतो. अशा वेळी नुसते सा आणि प धरावेत, किंवा दुर्गात सा आणि म. गायिका आलाप घेत असेल, सूर चढवत-उतरवत असेल, तेव्हा कॉर्ड सोडून द्यावा आणि पेटीवाले करतात तशी मागून साथ करावी. टाळ-पखवाज चढले, सगळं मंडळ एका सुरात गजर करू लागलं की मात्र सा-चा कॉर्ड निःशंक धरा.

पहिल्या आठवड्याला एवढं काम पुरे: काळी चारचे तीन कॉर्ड, आधी डाव्या हाताने, मग उजव्या हाताने, तोंडाने सा-ग-प म्हणत. म्हणताना आपला ग कीबोर्डच्या ग-पेक्षा किंचित खाली लागतोय असं वाटलं, तर गळा बदलू नका.